टॅब कपाटात की वाडीत?

सिंधुदुर्गातलं मसुरे गाव एका नजरेत मावत नाही. गडनदीच्या काठानं, भरतगडाच्या पायथ्यापासून आत डोंगराच्या कुशीपर्यंत त्याच्या वाड्या पसरल्या आहेत. भराडीदेवीच्या जत्रेमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झालेली आंगणेवाडी ही त्यातलीच एक. एका वाडीत फोनला पुरेपूर रेंज असते, आणि डोंगराचं एक वळण ओलांडलं की तीही जाते. म्हणून ‘गावातली मुलं ऑनलाइन शिकली’ किंवा ‘शिकली नाहीत’ असं कुणी एका दमात सांगितलं, तर ते वाडीगणिक तपासून घ्यावं लागतं.

अशा गावच्या शाळेबद्दल दोन शिक्षक बोलायला बसले की वाद ठरलेला. एक निवृत्त गुरुजी. त्यांची सगळी नोकरी खडू-फळ्यावर गेली आणि वाडीतल्या घराघराचं मागचं दार त्यांना माहीत आहे. दुसऱ्या बाई, सध्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतात, हजेरीबरोबर त्यांच्या पिशवीत टॅब असतो. नावांची इथे गरज नाही. असे गुरुजी आणि अशा बाई वैभववाडीपासून दोडामार्गापर्यंत कुठेही भेटतील. दोघांच्या भूमिका समोरासमोर ठेवल्या की बोलणं साधारण असं चालतं.

“गुरुजी, तुमच्या वेळी वर्ग भरलेले असायचे,” बाई सुरुवात करतात. “आता पट वीसच्या खाली. शिक्षक दोन, त्यातले एक आज तालुक्याला मीटिंगला. पाच इयत्ता माझ्यासमोर एकत्र. मी पहिलीला अक्षरं गिरवायला घेतली की चौथीनं काय करायचं? हाताची घडी घालून बसायचं? टॅबवर त्यांचा गणिताचा सराव तरी चालू राहतो. आमच्या शाळेत ती चैन नाही, गरज आहे.”

“गरज आहे, मान्य. पण पावसात त्या यंत्राचं काय होतं तेही सांगा.”

गुरुजींचा हा प्रश्न कोकणाबाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. इथे तो मुळावर येणारा आहे. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, प्लगच्या पिना गंजतात, यूपीएसची बॅटरी फुगते, कपाटाच्या मागून वाळवी चढते. ढग गडगडायला लागले की घरात असो वा शाळेत, शहाणा माणूस आधी सगळे प्लग काढून ठेवतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्यात बिलाचा प्रश्न वेगळाच. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येच्या टप्प्यांवर ठरतं, त्यामुळे छोट्या शाळेच्या वाट्याला कमी पैसे येतात. इंटरनेटचा महिन्याचा रिचार्ज मात्र पट बघून कमी होत नाही, आणि बिघडलेला टीव्ही कणकवलीला न्यायचं रिक्षाभाडंही. विषमता अशी आधी हिशेबाच्या वहीत दिसते, वर्गात ती नंतर येते.

“म्हणजे यंत्रच नको?” बाई विचारतात.

“तसं नाही. यंत्र येतं कसं, ते बघा. मुंबईचं मंडळ चतुर्थीला गावी येतं, वर्गणी काढतं, स्मार्ट टीव्ही देतं. मन मोठं असतं त्यांचं. नारळ फुटतो, फोटो निघतो. देण्याआधी ‘बाई, तुम्हाला नेमकं काय हवंय?’ असं किती जणांनी विचारलं?”

बाई यावर थोडं थांबतात. मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीवर कोकणातल्या किती शाळांची छपरं उभी राहिली हे त्यांना ठाऊक आहे, आणि गुरुजींनाही. तक्रार दानाबद्दल नाहीच. ते न विचारता दिलं जातं, एवढीच आहे.

गुरुजींकडे यावर एक उदाहरण आहे, आणि तेही कोकणातलंच. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही निकोलस नेग्रोपाँटे यांनी अमेरिकेत सुरू केलेली योजना भारतात पहिल्यांदा 2007 साली आली, ती रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेत. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप वाड्यावरच्या मुलांच्या हातात आले, परदेशी पत्रकार बघून गेले. पुढे देशभर ही योजना कधी पसरली नाही. पेरू देशानं मात्र ती मनावर घेतली आणि लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण भागातल्या 319 शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या भाषेत आणि गणितात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही.

“तोच अहवाल आणखी काही सांगतो,” बाई लगेच अडवतात. “विचारशक्तीच्या काही चाचण्यांत मुलं थोडी पुढे गेली होती. आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना त्या लॅपटॉपचं वर्गात काय करायचं हेच नीट कुणी शिकवलं नव्हतं. दोष लॅपटॉपचा कसा? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडला. साधा चौकोन. पण मूल घरी बसून तोच धडा पुन्हा ऐकू शकलं, बघू शकलं. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. ते यंत्र वरून आलेलं नव्हतं, वर्गातून निघालेलं होतं.”

इथे बाईंची बाजू भक्कम आहे. गुरुजीही ती नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की कोड छापणं एक आणि तो उघडणारा फोन मुलाच्या हातात असणं दुसरं.

आणि आकडे या जागी गुरुजींच्या बाजूनं बोलतात, जरी ते बाईंनाच पाठ आहेत. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या 2021 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतल्या चौथ्या हिश्शाहून जास्त, 26.1 टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो, रात्री परत येतो, तेव्हा त्याची चार्जिंग संपलेली असते आणि मुलाचीही. 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयोगटाला विचारलं गेलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे.

“घरात एकच फोन असला की तो आधी झिलाकडे जातो, चेडवाच्या वाट्याला उरलेला वेळ,” बाई म्हणतात. “हे मला कुठल्या अहवालानं शिकवायला नको होतं. कोरोनाच्या वर्षी मी व्हॉट्सॲपवर अभ्यास टाकायची, तेव्हा ठरावीक घरांतूनच उत्तरं यायची. ज्यांची येत नव्हती त्यांची यादी केली, तर निम्म्याहून जास्त मुली. मग मी फिरायला लागले.”

त्या वर्षीची सिंधुदुर्गातली सगळ्यात गाजलेली गोष्ट दारिस्ते गावची. कणकवली तालुक्यातल्या या गावची पशुवैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी घरी रेंज नाही म्हणून डोंगरावर गेली, भावांनी तिला तिथे खोपटी बांधून दिली आणि भर पावसात ती तिथे बसून तास ऐकत राहिली. बातमी देशभर पोहोचली, कौतुक झालं, यंत्रणा हलली.

बाईंना त्या मुलीचा अभिमान आहे. त्या ही गोष्ट वर्गात सांगतात.

“सांगा, जरूर सांगा,” गुरुजी म्हणतात. “पण सांगताना हेही विचारा, की डोंगरावर चढायची पाळी तिच्यावर का आली. तिचं वय कॉलेजचं, भाऊ मदतीला होते. तिसरीतल्या पोरीनं कुठला डोंगर चढायचा? आणि जिची बातमी झाली नाही, तिच्यासाठी कोण हललं?”

“म्हणून तर टिलीमिली!” बाई म्हणतात. 2020 च्या जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ही मालिका सुरू झाली होती. डेटा लागत नव्हता, रिचार्ज लागत नव्हता. घरच्या किंवा शेजारच्या टीव्हीवर धडा दिसायचा. सोलापुरात निलमनगरच्या आशा मराठी विद्यालयानं तर त्याहून साधं काम केलं. शिक्षकांनी परिसरातल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. येता-जाता मूल थांबायचं, वाचायचं. भिंतीला पासवर्ड नव्हता.

गुरुजींना हे दोन्ही मनापासून पटतं. कारण या दोन्ही ठिकाणी आधी कुणीतरी बघितलं, की लोकांच्या घरात खरोखर काय आहे. फोन नाही, पण टीव्ही आहे. टीव्हीही नाही, पण भिंत आहे.

हे बघणं महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात होती. त्या बायांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. गुरं जिथे चरतात त्या कुरणातच शाळा नेली, आणि ती कुरणशाळा म्हणून ओळखली गेली. साधनं होती शिंपले, बिया, काड्या, पानं. आज टॅबच्या बाबतीत जो प्रश्न अडतो, तो त्या दोघींनी सोडवून दाखवला होता: मूल कुठे आहे, त्याचा दिवस कसा जातो, हे आधी बघायचं आणि मग साधन निवडायचं.

“मग आपण का विचारत नाही?” गुरुजींचा आवाज चढतो. “आंगणेवाडीची जत्रा बघा. तिची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. लाखो माणसं येतात. पाणी, रांगा, गाड्या, सगळं माणसं बसून, बोलून निभावतात. इतकं सांभाळणाऱ्या गावाला शाळेच्या टीव्हीबद्दल दोन शब्द विचारायला आपली जीभ का अडते?”

“गुरुजी, गावऱ्हाटीचं, गावाच्या या परंपरेनं चालणाऱ्या कारभाराचं, मला कौतुक आहे. पण तिथे मान घराण्यानं चालतो. मानकरी पुढे बसतात, बाया मागे. शाळेला ती बैठक जशीच्या तशी नको.”

हा बाईंचा मुद्दा गुरुजींना खोडता येत नाही. लोकांचं ऐकायचं म्हणजे पहिल्या रांगेचं ऐकायचं असं होऊन चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत असं सांगितलं, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कायदा 2010 पासून लागू आहे. समित्या कागदावर सगळीकडे आहेत. पण सभेची नोटीस निघते सकाळी अकराची. जुलैत अकरा वाजता बाया लावणीच्या चिखलात असतात, मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत. मग इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात.

बाईंनी यावर उपाय काढला, तो एका आईनं सुचवला म्हणून. ती म्हणाली होती, “सकाळी माका टायम नाय. रातीक येवा, बसान बोलया.” तेव्हापासून बाई रात्री आठला वाडीत जातात. शाळेत सभा न घेता कुणाच्या तरी पडवीत बसतात, दर वेळी वेगळ्या घरी. गावठणात एकदा, खाडीपलीकडच्या चार घरांत एकदा. अजेंडा नसतो. एकच प्रश्न, आज पोरानं घरी येऊन काय सांगितलं?

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एका आईला वाटत होतं, टॅबवर खेळ चालतो, अभ्यास नाही. तिला गणिताचं ॲप दाखवल्यावर तिनं स्वतः बेरजा केल्या आणि उठायला तयार होईना. एका आजीला भीती, की पोरांचे फोटो काढून कुठे पाठवतात. ती भीती अडाणी नव्हती. वर्गातल्या मुलांचे फोटो आणि व्हिडिओ कुठे कुठे टाकले जातात, त्याला पालकांची परवानगी घेतली का, हा प्रश्न जगभरच्या शाळांत विचारला जातो आहे. युनेस्कोनं 2023 चा शिक्षणविषयक जागतिक अहवाल तंत्रज्ञानावरच काढला आणि हे साधन कुणाच्या अटींवर वापरायचं, असं विचारलं. त्या आजीनं पडवीत बसून वेगळं काही विचारलं नव्हतं. त्यानंतर बाईंनी मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो ग्रुपवर टाकणं बंद केलं.

“हे बरं केलंत,” गुरुजी म्हणतात, आणि लगेच पुढचा प्रश्न काढतात. “आता भाषेचं सांगा. मूल आंबा बघून आंबो म्हणतं, घोडा बघून घोडो. मी हसायचो नाही. मला कळायचं, पोराला शब्द कळलाय, अर्थ कळलाय, रूप घरचं आहे. तुमचं ते आवाज ऐकून वाचन तपासणारं ॲप काय करतं?”

“चूक धरतं.”

“मग पोरगं काय समजतं?”

“आपल्याला वाचता येत नाही, असं समजतं.” बाई हे न लपवता सांगतात. “म्हणून वाचनाला मी ॲप एकट्यावर सोडत नाही. गणिताला सोडते.”

मालवणीत बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी यायलाच हवी, यावर दोघांचं एकमत आहे. पण ती शिकवताना घरच्या बोलीला लाल फुली मारणारं साधन आणि तिला पायरी मानणारा शिक्षक, यात फरक आहे. पुणे-मुंबईच्या मुलाला ते ॲप शाबासकी देतं आणि मसुऱ्याच्या मुलाला तेवढ्याच समजेसाठी थांबवतं. शाळेत टॅब सारखे वाटले म्हणजे संधी सारखी वाटली, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

बाईंनी मग टॅबची दिशाच उलटी केली, आणि गुरुजींचा विरोध सगळ्यात जास्त इथे वितळला. चौथी-पाचवीच्या मुलांना त्यांनी टॅब दिला आणि सांगितलं, घरच्या माणसांना विचारा, आवाज भरून आणा. एकानं आजोबांकडून खाडीतल्या जिनसा भरून आणल्या: मुळे, कालवं, कुर्ल्या, काळुंदर, कुठलं कुठल्या भरतीला मिळतं, कुठला कालवांचा दगड पायाला लागतो. एकीनं आईकडून तरवा काढण्यापासून झोडणीपर्यंतचं भाताचं वर्ष भरून आणलं. वर्गात ते आधी मालवणीत ऐकलं, मग मुलांनी प्रमाण मराठीत लिहिलं, मग वाचून दाखवलं. लिहिताना अडलं की मूल बाईंना विचारायचं, बाई आजोबांना विचारायच्या. आठवड्याभरात खाडीपलीकडच्या घरांतली मुलं, जी एरवी मागच्या बाकावर गप्प असायची, वर्गात सगळ्यात जास्त माहिती असलेली ठरली.

“टॅब कुणाच्या हातात असायचा?” गुरुजी विचारतात. कॉम्प्युटर लॅबच्या पहिल्या वर्षांत मुलगे माउस धरायचे आणि मुली मागून बघायच्या, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

“पाळी लावली. फळ्यावर नावं. आज जिची पाळी, ती धरणार, बाकीचे सांगणार. भांडणं झाली. पण पाळी मोडली नाही.”

हे सगळं शिक्षकानं कधी आणि कुणाशी बोलायचं, हा वेगळाच दुखरा भाग आहे. केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद असते ती याचसाठी. वर्गात काय जमलं, काय फसलं, हे शिक्षकांनी एकमेकांना सांगावं म्हणून. प्रत्यक्षात तिचा मोठा वेळ माहिती भरण्यात जातो: कुठल्या पोर्टलवर काय राहिलं, कुणाचा यू-डायस अपूर्ण, कुणाची पोषण आहाराची नोंद नाही. गुरुजी टाचणवहीच्या शेवटी दिवसभरात कुठलं मूल कुठे अडलं ते लिहायचे. बाईंकडे तेवढी सवड नाही, असं त्या सांगतात, आणि ते खरं आहे. शिक्षकाचा जो वेळ यंत्रानं वाचवायचा होता, तो यंत्रालाच माहिती पुरवण्यात चालला आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार 2023 मध्ये शासनानं पुढे आणला, तेव्हा या वाड्यांत पहिली भीती हीच होती, की आकडे बघून निर्णय होईल आणि पावसात ओढा ओलांडून मूल कसं जाणार ते कुणी विचारणार नाही.

मतभेद संपलेला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब वाडीत द्यावेत, असं गुरुजींचं म्हणणं. कपाटात सुट्टीभर पडून बॅटरी मरते, त्यापेक्षा पोरांनी वापरावेत.

“आणि जडवस्तू नोंदवही?” बाई विचारतात. “प्रत्येक टॅब माझ्या सहीवर आहे. हरवला, फुटला, तर वसुली माझ्याकडून. उद्या बदली झाली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. शिक्षक टॅब कुलपात ठेवतात ते आळसानं नव्हे, भीतीनं.”

गुरुजी इथे बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, “समितीचा ठराव घ्या. फुटला तर नुकसान समितीचं, एकट्या बाईंचं नाही. केंद्रप्रमुखांना प्रत द्या.”

“ठरावानं लेखापरीक्षण थांबत नाही, गुरुजी.”

“थांबणार नाही. पण तुमच्या एकटीच्या सहीऐवजी बारा जणांची सही असेल. आणि आधी कुणाला द्यायचे, ते सभेतच ठरवा. फोन नसलेलं घर पहिलं.”

“त्यातही मुली आधी,” बाई म्हणतात.

“त्यातही मुली आधी. आणि ठराव मोठ्यानं वाचा. सही करणाऱ्या प्रत्येक आईला काय लिहिलंय ते कळलं पाहिजे.”

बाई वही उघडून मुद्दे लिहायला घेतात. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचं पेन थांबतं. “चतुर्थीला मंडळाची माणसं येतील. या वर्षी त्यांच्याकडे नवा टीव्ही मागायचा नाही. आहेत त्या टॅबच्या बॅटऱ्या आणि वर्षाचा रिचार्ज मागायचा. हेही ठरावात घालते.”

“घाला,” गुरुजी म्हणतात, “आणि रक्कम किती ते लिहा. नुसतं ‘सहकार्य करावे’ असं लिहू नका.”